उजवा खांदा

तिसऱ्या गावी पोचले त्या दिवशी मास्तर आधी पाव आणायला बाहेर पडले. नव्या गावात गेलं की बॅगा उघडायच्या आधी पाव आणायचा, असा त्यांचा नेम होता. पावाचं दुकान सापडलं की गाव सापडलं, असं ते बायकोला सांगत. त्यावर बायको म्हणे, "आणि परत येताना घर सापडलं की मास्तर सापडले."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपडे शिवणारे. मशीन चालवून चालवून त्यांचा एक गुडघा कुरकुरायला लागला, सुईचं नेढं दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक पडदा. त्या पडद्यामागं बसून मास्तरीणबाईंनी जन्मभर काजं केली, बटणं लावली, हातशिलाई केली. त्यांच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, भिंतीला एक नळ. एवढंच काय ते जग. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मला कुठंतरी राहायला न्या."

"फिरायला?"

"फिरायला नाही, राहायला. चार ठिकाणी धावत जायचं आणि फोटो काढून परत यायचं, ते मला नको. लांबच्या गावात जाऊन भाजी आणायची, कपडे वाळत घालायचे, सावकाश राहायचं. जिथं मला कुणी मास्तरांची बायको म्हणून ओळखत नाही, अशा ठिकाणी."

"मग काय म्हणून ओळखायचं?"

"ते तिथं गेल्यावर ठरवू."

बोलणं हसण्यावारी गेलं. पण लेक आणि जावई दोघांनी ते मनावर घेतलं. जावयानं काँप्युटरवर बसून परदेशातल्या खोल्या शोधल्या, एकेका गावात काही महिने राहायचं असं आखून दिलं, आणि ही दोन म्हातारी माणसं निघाली. पहिलं गाव छान गेलं, दुसरं त्याहून छान. कुणाची भाषा येत नव्हती, पण अडलं काही नाही. संध्याकाळी दोघं खिडकीत बसायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायची आणि हसायची. मास्तरीणबाई एखाद्या माणसाकडं बघून म्हणायच्या, "याची विजार बघा. तुमच्याच हातची वाटते, एक पाय आखूड आहे."

तिसऱ्या गावाला निघायच्या जरा आधी लेकीचा फोन आला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आशा सगळ्यांनीच सोडली होती, आणि आता तिला दिवस राहिले होते. फोनवर ती हसता हसता रडली. "आई, मला भीती वाटते गं. तू येशील ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "वेडे, हे काय विचारणं झालं? या एका गावात राहून झालं की थेट तुझ्याकडं. तुझ्या उशाशी मी असणार. तुझा बाप पाळण्याच्या गाद्या शिवील, मी तुला शिव्या घालीन." तसं वचन दिलं होतं. जावयानं परतीची तिकिटं काढूनही ठेवली होती.

तर मास्तर पाव घेऊन परत आले. थंडीचे दिवस, दुपारीच दिवे लागलेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच, बारक्या खिडक्यांची घरं, आणि सगळीकडं धुकं. जिन्यात ओल्या लोकरीचा वास येत होता. दार उघडंच होतं. आत बघतात तो घरमालकीण, पिंजलेल्या केसांची, काठीसारखी वाळलेली म्हातारी, मास्तरीणबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभी होती. बघत होती. नुसती बघत होती.

मग ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. लेकीनं मास्तरांच्या फोनमध्ये एक सोय करून दिली होती. समोरचा जे बोलेल ते फोन मराठीत सांगायचा, बातम्या देणाऱ्या बाईसारखा, सपाट आवाजात. टेबलावरचा फोन म्हणाला, "उशीर केलात. पण आलात, हे बरे झाले."

मास्तरीणबाई खूश. "बघा, किती वाट बघत होत्या आपली!"

"फोन बोलतोय तो," मास्तर म्हणाले. "त्याचं काय खरं धरतेस? मागच्या गावात यानं मला भाजीवालीला विचारायला लावलं होतं, तुमचे डोळे ताजे आहेत का म्हणून."

"आणि ती लाजली होती. मी बघितलं होतं बरं का."

पहिली संध्याकाळ अशी हसण्यात गेली. पण त्यानंतर मास्तरांना एकेक गोष्ट दिसायला लागली.

पाववाल्यानं दुसऱ्या दिवशी पाव बांधून दिला आणि वर एक छोटा तिळाचा पाव कागदात गुंडाळून ठेवला. बोटानं मास्तरांच्या घराची खिडकी दाखवली. तिच्यासाठी. मास्तरांना वाटलं, भला माणूस आहे. पण मास्तरीणबाईंना तिळाचा पाव सोडून दुसरा आवडत नाही, हे त्याला कसं कळलं? मग दोघं बाजारात गेली. चपला शिवणारा म्हातारा काम टाकून उठून उभा राहिला आणि मास्तरीणबाईंना बघून त्यानं टोपी काढली. एक बाई रस्ता ओलांडून आली, त्यांच्या अंगावरची जांभळी शाल नीट केली, गालाला हात लावून निघून गेली. मास्तरांकडं कुणी बघत नव्हतं. म्हणजे वाईट नजरेनं बघत होते असंही नाही. रस्त्यातल्या खांबाला वळसा घालून जावं तसे लोक त्यांच्या बाजूनं जात होते.

"अगं, ही कोण होती?"

"कोण जाणे! पण गोड आहेत हो माणसं. वाटतच नाही परक्या गावात आल्यासारखं."

मास्तरांना मात्र पहिल्यांदाच तसं वाटलं. दोन गावं झाली, तिथंही ते परकेच होते, पण दोघं मिळून परके होते. आता ते पिशवी धरून एकटेच परके उभे होते. परक्या गावात माणसाला गावामुळं एकटं वाटत नाही. बरोबरच्या माणसाला तसं वाटेनासं झालं, की वाटतं.

थंडी वाढली तशी घरमालकिणीनं त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत डांबरगोळ्यांचा वास दाटलेला. तिनं एक गडद हिरवा लोकरीचा कोट काढला, झटकला आणि मास्तरीणबाईंना घातला. बटणं लावली. मागं सरकून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

मास्तर खुर्चीत बसले होते, ते हळूहळू उठून उभे राहिले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरीणबाईंचा उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली होता. लहानपणी धाकट्या भावाला कडेवर वागवून वागवून तसा झाला असेल. दुसऱ्या कुणाला दिसायचा नाही, पण मास्तर शिंपी. लग्न झाल्यावर पहिलं पोलकं बेततानाच त्यांच्या लक्षात आलं. ते बायकोला काही बोलले नाहीत. बाईमाणूस, मनाला लावून घेईल. तेव्हापासून तिचा प्रत्येक कपडा ते उजव्या खांद्यावर वेगळा बेतायचे, आणि जाड कापडाचा असला तर आत उजवीकडं एक पातळ गादी बसवायचे. मग वरून खांदे सारखे दिसायचे. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. तिलासुद्धा नाही. कुणी विचारलं असतं, तुमचं बायकोवर प्रेम किती, तर मास्तरांना सांगता आलं नसतं. पण ते त्या बोटभर गादीएवढं होतं.

आणि हा कोट तिला बसला होता. नुसता बसला नव्हता, खांद्यावर बसला होता.

मास्तरीणबाई आंघोळीला गेल्या तेव्हा मास्तरांनी कोट मांडीवर घेतला. उजव्या मुंढ्याजवळ अस्तर चाचपलं. डावीकडं चाचपलं. चष्मा पुसून पुन्हा चाचपलं. डावीकडं काही नव्हतं. उजवीकडं गादी होती. पातळ, हातानं शिवलेली, दोरा पिवळा पडलेला. कापड तर इतकं जुनं होतं की तसलं विणणं बंद झालं तेव्हा मास्तर अजून दुसऱ्याच्या दुकानात काजं करत होते.

कुणीतरी तिचं माप घेतलं होतं. मास्तरांच्या आधी.

ते कोट घेऊन खाली स्वयंपाकघरात गेले. फोन टेबलावर ठेवला. घरमालकीण शेगडीपाशी हात शेकत होती.

"हा कोट कुणाचा?" त्यांनी विचारलं. फोननं ते तिच्या भाषेत सांगितलं.

म्हातारीनं नवल वाटल्यासारखं बघितलं. काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "त्यांचाच."

"कसा असेल? आमच्या लग्नाच्या आधीचा आहे हा."

"हो. त्या गेल्या तेव्हाचा."

"कोण गेल्या? कुठं… कुठं गेल्या?"

म्हातारीनं शेगडीवरचे हात मागं घेतले. मग हनुवटीनं तिनं मास्तरांच्या छातीकडं खूण केली आणि एकच शब्द बोलली.

फोन म्हणाला, "तुमच्याकडे."

मास्तर वर आले तेव्हा जिन्याचा कठडा धरून आले. मास्तरीणबाई केस पुसत होत्या. "काय झालं हो? तोंड का असं?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "काही नाही. गुडघा." भलतंसलतं सांगून तिला कशाला घाबरवायचं? म्हातारी भ्रमिष्ट असेल, फोन तर आहेच भ्रमिष्ट. पण खांदा? खांद्याला काय म्हणायचं?

पुढच्या दिवसांत धुकं काही हटलं नाही. मास्तरीणबाई दुपारच्या खाली जाऊन बसायला लागल्या. सुरुवातीला म्हातारी बोलायची आणि त्या मान हलवायच्या. मग त्या एखादा शब्द बोलायला लागल्या. मग एके दिवशी मास्तर जिना उतरत होते आणि स्वयंपाकघरातून दोन बायकांच्या गप्पा ऐकू आल्या. मालकिणीचा आवाज त्यांनी ओळखला. दुसरी कोण आली, म्हणून ते डोकावले. दुसरी त्यांचीच बायको होती. ती त्या भाषेत बोलत होती. अडखळत नव्हती. बोलताना तिचे हातसुद्धा तिचे वाटत नव्हते, हवेत भलतीकडंच वळत होते.

"अगं… कधी शिकलीस हे?"

त्या वळल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग हसल्या. "येतं आपोआप. कानावर पडतंच की."

मास्तरीणबाईंचं टोमणे मारणं बंद झालं. आधी मास्तरांच्या लक्षात आलं नाही, कारण बरं वाटतं ना ते सुरुवातीला. चष्मा विसरला तर ती चष्मा आणून द्यायची, गप्प. चहा सांडला तर पुसून टाकायची, गप्प. मास्तर खिडकीत बसून म्हणाले, "तो बघ, त्याचा कोट बघ, उसना आणलाय जसा." तिनं नम्रपणे बघितलं आणि म्हणाली, "चांगला आहे." ज्या तोंडानं त्यांना जन्मभर सळो की पळो करून सोडलं, ते तोंड कुठंतरी गेलं होतं. घरात त्यांची एवढी काळजी घेतली जात होती, आणि त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

मग लेकीचा फोन आला.

"अगं, लेकीचा फोन."

"कुणाच्या?"

"आपल्या. आपल्या लेकीचा."

त्यांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला, कानाला लावला. "हो, हो. बोला. कशा आहात?"

पलीकडून लेक खळखळून हसल्याचं मास्तरांना ऐकू आलं. "अगं आई! परदेशात राहून काय सभ्य झालीस गं! बाबांना पण अहो-जाहो करायला लावलंस का?" मास्तरीणबाईही हसल्या. पण कशाला हसायचं ते न कळणारा माणूस हसतो तशा.

त्या दिवशी मास्तरांनी जावयाला गुपचूप फोन केला. थंडी सोसत नाही, म्हणाले. तिकिटं अलीकडची कर. जावई भला, त्यानं लगेच करून दिली.

"आपण निघतोय," मास्तरांनी सांगितलं. "लेक वाट बघतेय. तू वचन दिलंयस तिला."

"आपण जाऊन या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी आहे इथं."

मास्तर साधा माणूस. शाळा जेमतेम पाहिलेला. त्यांना कातर, सुई आणि दोरा एवढंच कळत होतं. त्यांना वाटलं, सगळं या कोटानं केलंय. कोट अंगावर आला आणि हे सुरू झालं. तेव्हा कोटाचाच काटा काढायचा. दुपारी त्या झोपल्या तेव्हा मास्तर खिडकीशी बसले. उजवा खांदा उसवला. ती पिवळट गादी बाहेर काढली. तिला वास होता, बंद पेटीसारखा. ती त्यांनी शेगडीत टाकली आणि अस्तर पुन्हा शिवून टाकलं. सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला. एरवी दोरा तीच ओवून द्यायची. आता कोट उजवीकडं पडेल, ती म्हणेल, शी, हे काय बुजगावण्यासारखं, आणि काढून फेकील. तिनं नुसतं शी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

सकाळी तिनं कोट घातला. आरशासमोर उभी राहिली. कोट भिंतीसारखा सरळ होता.

मास्तर मागून गेले. "दोरा लागलाय," असं म्हणून त्यांनी दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर ठेवले. हे खांदे ते डोळे मिटून मापत आले होते. डावा बरोबर होता. उजवा…

उजवा डाव्याच्या बरोबरीला होता. तसूभरही खाली नव्हता.

त्यांचे हात तिथंच राहिले. तळव्यांखालच्या लोकरीतून ऊब येत होती, माणसाचीच ऊब. आरशातून ती त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही, भीतीनं नाही. नव्या भाडेकरूकडं बघावं तशी, जरा अवघडून.

"काही हवंय का आपल्याला?" तिनं विचारलं.

मास्तरांनी हात काढून घेतले. "नाही," म्हणाले. "माफ करा."

निघायचा दिवस आला. बस दुपारची होती. खाली स्वयंपाकघरात सुरीचा आवाज येत होता, भाजी चिरली जात होती. मास्तर एकटेच खोलीत बॅग भरत होते. पलंगावर तिची लुगडी होती, पोलकी होती, उजव्या खांद्याला वेगळी बेतलेली. ती घ्यायची की ठेवायची, हेच त्यांना कळेना. लेकीला जाऊन काय सांगायचं? तुझी आई तिकडं आहे, पण ती नाही, असं सांगायचं? पोटात मूल असलेल्या पोरीला? धुक्यामुळं खोलीत उजेड असा नव्हताच. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे जी सांद होती, तिथं तर अंधारच होता. मास्तर पोलक्यांवर हात ठेवून बसून राहिले. मग ते बोलले. कुणाशी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"चल गं. लेक वाट बघतेय."

सुरीचा आवाज. खालच्या शेगडीवर काहीतरी रटरटतंय.

मग पाठीमागून, त्या सांदीतून, अगदी बारीक…

"आणि माझ्या चपला? त्या कोण घेणार? का नेहमीसारख्या विसरणार?"

मास्तर वळले नाहीत. पलंगाखालच्या चपला दिसत होत्या. त्यांनी वाकून त्या घेतल्या.

"तू… आहेस होय?"

"नाही, मी बाजारात गेलेय! किती दिवस हाका मारतेय. कानात कापूस घालून बसलात का?"

"कुठून… कुठून मारत होतीस हाका?"

आवाज थांबला. खाली सुरी थांबली. घर जणू कान देऊन ऐकत होतं.

"…ते विचारू नका," पाठीमागून उत्तर आलं. "आता निघा. वळू नका, नीट बघून उतरा. जिना ओला आहे आणि तुमचा गुडघा दिव्य."

मास्तरांनी बॅग उचलली. तिची लुगडी घेतली, चपला घेतल्या. जिना उतरताना मागून पावलं वाजत नव्हती, पण पायऱ्यांची लाकडं त्यांच्यामागं एकेक करून करकरत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी ते थांबले. आत ती हिरव्या कोटात उभी होती, सुरी हातात. एकदा मनात आलं, हिचा हात धरावा आणि ओढत न्यावं. काही झालं तरी हा हात आपल्या घरातला आहे. त्यांनी हाताकडं बघितलं. सुयांनी टोचून टोचून तिची बोटं चाळणीसारखी झालेली होती. ही बोटं गुळगुळीत होती. कधी काम न केलेल्या पोरीसारखी.

तिनं मान किंचित झुकवली, पाहुण्याला निरोप द्यावा तशी. घरमालकिणीनं पुढं होऊन दार उघडून धरलं. मास्तर बाहेर पडले. तिनं लगेच दार लावलं नाही. आणखी कुणी बाहेर पडायचं असावं, तशी ती थोडा वेळ बाजूला सरून उभी राहिली. मग घाईनं कडी घातली.

बस जवळजवळ रिकामी होती. मास्तर मागच्या बाकावर बसले, खिडकीची जागा मोकळी सोडून. काचेला धुकं चिकटलं होतं. शेजारच्या जागेकडं त्यांनी थेट बघितलं नाही. डोळ्याच्या कडेनं जांभळी शाल दिसत होती. खोबरेल तेलाचा वास येत होता, तिचा. हात लावून बघावा असं वाटत होतं, पण धीर होत नव्हता. लागला नाही तर?

कंडक्टर आला. मास्तरांनी दोन बोटं दाखवली. त्यानं एक बोट दाखवलं. मास्तरांनी शेजारच्या जागेवर हात दाखवून पुन्हा दोन बोटं दाखवली. कंडक्टरनं त्या जागेकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं. त्यानं एकच तिकीट फाडून दिलं आणि जाताना मास्तरांचा खांदा हळूच थोपटला.

"वाद नका घालू हो," शेजारून आवाज आला. "फुकट नेतोय तर नेऊ द्या."

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काहीही असो, ही आपली होती. जशी होती तशी, आपण हिला लेकीपाशी नेत होतो. बस गावाबाहेर पडली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक होती.

"बाबा, कुठं आहात?"

"निघालोय गं. बसमध्ये आहे. येतोय आम्ही."

"आम्ही?" लेक जपून म्हणाली, "बाबा, आत्ता आईचा फोन आला होता, तिथल्याच कुठल्याशा नंबरवरून. म्हणाली, ते एकटेच निघालेत, त्यांना सांभाळा. मी इथंच राहणार आहे म्हणाली. बाबा… तुमचं भांडण झालंय का? ती मला अहो-जाहो का करत होती? थट्टा वाटत नव्हती हो. मला कसंतरीच झालं."

मास्तरांनी फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"काय म्हणतेय पोरगी?" शेजारून आवाज आला. "द्या इकडं. तुम्हाला कधी धड बोलता आलंय फोनवर?"

मास्तरांनी फोन हळूच शेजारी धरला. डोळे मिटून घेतले. त्यांच्या बोटांतला फोन कुणीतरी घेतला. बोटांना काहीच लागलं नाही, फक्त हात हलका झाला.

मग ती बोलायला लागली. अशी बोलली, की जन्मात बोलली नसेल. जेवतेस का नीट, पाय सुजलेत का, डाव्या कुशीवर झोप, जिने चढू नकोस, तुझ्या त्या घाबरट नवऱ्याला म्हणावं आधीच गाडी सांगून ठेव, मी येतेच आहे, आलेच, घाबरू नकोस, मी तुझ्या उशाशीच असणार. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. धुक्यातून बस चालली होती, आणि तो आवाज कानावर पडत होता, तेवढ्यानं त्यांना ऊब वाटत होती.

ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा पलीकडून लेकीचा आवाज ऐकू आला. ती कधीपासून तेच म्हणत असावी.

"हॅलो… हॅलो… बाबा, बोला ना… हॅलो…"

मग लेकही थांबली. इकडं कुणीतरी श्वास घेतंय, ते कान देऊन ऐकत असावी. आणि एकदम दबक्या आवाजात, पोटातल्या मुलालाही ऐकू जाऊ नये असं, तिनं विचारलं:

"बाबा… फोन कुणाच्या हातात आहे?"